वालाचा वेल उपटू नका



भाद्रपद सरत आला की आम्हा परसबागवाल्या बायकांना एकच प्रश्न हमखास ऐकू येतो. "आषाढात लावलेला वाल मांडवभर पसरलाय, पण फुलाचा पत्ता नाही. वांझ निघाला वाटतं, उपटून टाकू का?"

नका उपटू. आणि वांझ हा शब्द वेलालाही लावू नका. आपला गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. पावसाळ्यात तो नुसता वाढतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास रात्र मोठी होऊ लागली की तुरे निघतात आणि मग थंडीभर शेंगा मिळतात. बाजारात भाजी घ्यायला हात आखडतो, तेव्हा घरच्या दोन वेलांचा मोठा आधार होतो.

मग आत्ता काय करायचं? पहिलं म्हणजे युरिया टाकायचा नाही. त्यानं पानंच माजतात. वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र वेलाला मिळवून देतात. बुडाशी पाटीभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर राख पुरे. शेंडे मांडवाबाहेर लोंबत असतील तर खुडा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतील. पाणी बेतानं द्या, बुडाशी साचू देऊ नका.

तुरे आले की कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. थोडा असेल तर तो शेंडाच तोडून टाका. जास्त असेल तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण विरघळवा आणि संध्याकाळी फवारा. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, तेव्हा नको. लाल पाठीचे ठिपकेवाले ढालकिडे दिसले तर त्यांना मारू नका, ते मावा खातात.

शेंगा कोवळ्या असतानाच तोडत राहा. तोडाल तशा नव्या येतात. पिकलेले दाणे मात्र कच्चे खायचे नाहीत, मुलांनाही देऊ नका. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि चांगले शिजवा. मोड आणून सोललेल्या डाळिंब्यांची उसळ तर सगळ्यांच्याच आवडीची.

आता बियाण्याचं. पहिल्या बहरातल्या भरदार शेंगा वेलावरच वाळू द्या. ज्या वेलाची पानं पिवळी-हिरवी चट्टेरी झाली असतील, त्याचं बी धरू नका. दाणे उन्हात वाळवून राखेत घोळवा आणि कोरड्या डब्यात ठेवा. हंगाम संपला की वेल बुडाशी कापा, मुळं जमिनीतच राहू द्या. पुढच्या भाजीला तेच खत.

घरचं बी एकदा मोडलं की दरवर्षी पुडी विकत आणावी लागते. म्हणून आमचं एक सांगणं आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तोवर पहिल्या शेंगा वाळून येतात. यंदा गटात प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी वालाच्या बियांची पुरचुंडी वाण म्हणून द्या. एकीचा वेल गेला, तरी बी दुसरीच्या घरी राहील.