उपचाराच्या वेळी जागी होणारी जुनी भीती



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना, किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. घरे पुन्हा उभी राहिली. परंतु ढिगाऱ्यातून वाचलेल्या काहींच्या मनातील ती पहाट अद्याप सरलेली नाही.

अशा व्यक्तीला एमआरआय यंत्राच्या अरुंद पोकळीत निजविले आणि यंत्राची धडधड सुरू झाली, की तिला ती पहाट केवळ आठवत नाही. ती पुन्हा घडत असल्याचा अनुभव येतो. श्वास कोंडतो, घाम फुटतो. कोणी किंचाळते, कोणी निश्चल होते. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला शारीरिक तपासणीच्या वेळी असाच त्रास होऊ शकतो. हा हट्ट नव्हे, भित्रेपणाही नव्हे. मेंदू जुन्या खुणेला आजचे संकट समजतो. अशा रुग्णाला रागावले, तर तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही आणि साधा आजारही बळावतो.

यावरील पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगावे व संमती घ्यावी. ‘हात वर केलात की आम्ही थांबू’ असे आश्वासन द्यावे आणि ते पाळावे. रुग्णानेही ‘मला बंद जागेची भीती वाटते’ एवढे आधी सांगावे. सारी हकिगत सांगण्याची गरज नाही. एमआरआयच्या वेळी हाती दिलेला फुगा दाबून त्याला तंत्रज्ञास बोलावता येते.

त्रास सुरू झालाच, तर रुग्णाला दाबून धरू नये, भोवती गर्दी करू नये. नावाने हाक मारून शांतपणे सांगावे, ‘आपण दवाखान्यात आहात, येथे सुरक्षित आहात.’ पाय जमिनीला टेकवून, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यावयास लावावी. श्वास सावकाश सोडावयास सांगावे. बहुधा काही वेळात मन वर्तमानात परतते. त्रास वारंवार होत असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

शिक्षक व पंचायत सदस्यांना गावातील कोणाच्या वाट्याला काय आले, हे ठाऊक असते. त्या माहितीची वाच्यता न करता, अशा व्यक्तीसोबत विश्वासाचे माणूस दवाखान्यात जाईल एवढे आपण पाहिलेत, तर अर्धवट सुटणारे कितीतरी उपचार पूर्ण होतील.