बिल कधी आणावं?



मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईवडिलांकडून तिथल्या हॉटेलांबद्दल एक तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. "अहो, शेवटचा घास तोंडात होता, तेवढ्यात त्या मुलीनं बिल आणून ठेवलं!" आता ती मुलगी हसून सांगते, सावकाश द्या, घाई नाही. पण आपल्या माणसाला वाटतं, उठा म्हणतेय.

तिच्या मनात तसं काही नसतं. तिकडच्या पुष्कळ गिऱ्हाइकांना बिलासाठी ताटकळणं आवडत नाही. आणि तिच्या पोटाचाही प्रश्न असतो. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं पदरचे किती द्यायचे, याची अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं ठरवलेली किमान रक्कम आहे ताशी २.१३ डॉलर. १९९१ सालापासून ती तिथंच आहे. काही राज्यांनी आपापल्यापुरती वाढवली, पण इतर ठिकाणी घर चालतं ते टिपांवर. टेबल जितक्यांदा नव्यानं भरेल, तितकी तिची मिळकत. हे कळलं की राग राहत नाही.

व्हिएन्नाच्या जुन्या कॉफीहाउसमध्ये गेलात तर सगळं उलटं. छोट्या तबकातून कॉफी येते, सोबत पाण्याचा ग्लास. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं घ्यावीत आणि एका कॉफीवर तासन् तास बसावं. बिल मात्र येत नाही, कारण न मागता ते आणणं तिथं असभ्यपणाचं. ऑस्ट्रियानं २०११ साली ही कॉफीहाउसची रीत आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. आपला प्रवासी बिचारा खोळंबून म्हणतो, इथं कुणी लक्षच देत नाही!

आता आपल्या मुंबईत येऊ. दुपारी एकची वेळ, फोर्टातलं एखादं उडुपी हॉटेल. तुमच्या खुर्चीमागे दोघं उभे, नजर तुमच्या सांबाराच्या वाटीवर. वेटर कॉफी ठेवतो आणि त्याच हातानं बडीशेपेच्या बशीखाली बिल सरकवतो. मला यात काही गैर वाटत नाही. मागे उभ्या असलेल्यालाही भूक आहे, त्यालाही अर्ध्या तासात ऑफिसात परतायचंय. अशा वेळी रिकाम्या कपापुढे गप्पा मारत बसणं, ही आपली चूक.

पण तेच हॉटेल दुपारी चारला पाहा. निम्मी टेबलं रिकामी. वर्षांनी भेटलेले दोन म्हातारे मित्र कोपऱ्यात बसलेत. कप रिकामे झाले की लगेच बिल, मग ओलं फडकं फिरतं, मग डोक्यावरचा पंखा बंद होतो. हे मला सहन होत नाही. यात वेटरला बोल लावू नये. गल्ल्यावरून "पाच नंबर बघ रे" अशी हाक आल्यावर तो तरी काय करणार? गर्दी नसताना माणसांना बसू द्यावं, हे मालकानं शिकवायला हवं. "अजून काही आणू?" एवढं विचारलं तरी पुरे. मग गिऱ्हाईक आपण होऊन म्हणतं, "नको भाऊ, बिल आणा." आपणही चुटकी वाजवून किंवा शुकशुक करून बिल मागू नये, दिवसभर उभ्यानं काम करणारा माणूस आहे तो.

आणखी एक विनंती. पहिला पगार झालेली मुलगी आईबाबांना जेवायला घेऊन येते. मसाला डोसा कुणाला, उत्तप्पा कुणाला, सगळं तीच सांगते. आणि बिल जातं थेट बाबांपुढे. बाबांचा हात सवयीनं खिशाकडे वळतो, मुलगी हिरमुसते. मालकांनो, आपल्या वेटरांना एवढं सांगून ठेवा: बिल टेबलाच्या मधोमध ठेवायचं, नाहीतर ज्यानं ऑर्डर दिली, त्याच्या हातात द्यायचं.