विमा नसलेल्या घरातील मनोपचार



धर्मादाय संस्थांचे वार्षिक अहवाल चाळले, तर मोतीबिंदू, डायलिसिस, हृदयविकार यांसाठी दिलेल्या साहाय्याची नोंद हमखास आढळते. मनाच्या आजारासाठी दिलेल्या साहाय्याची ओळ मात्र शोधूनही सापडत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नसल्याचे दिसले. आपला समाज त्याला अपवाद असेल असे मानण्यास कोणताही आधार नाही.

दुकान, पेढी, दलाली किंवा छोटा कारखाना यांवर चालणाऱ्या घरांना नोकरदारांप्रमाणे मालकाकडून मिळणारा सामूहिक विमा नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि हा कायदा २९ मे २०१८ पासून लागूही झाला. तरीही बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्यापुरत्याच असतात. दर आठवड्याला समुपदेशकासमोर बसण्याचा खर्च घरातूनच करावा लागतो. मोठ्या शहरात एका सत्राचे दीड हजार धरले, तर तीन महिन्यांच्या बारा सत्रांचे अठरा हजार होतात. तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर उपचार सुटतात ते येथे. त्यात गावात कोणी पाहू नये, मुलीच्या स्थळात अडथळा येऊ नये म्हणून दुसऱ्या शहरातील डॉक्टर गाठले जातात. प्रवास, बुडालेला धंदा आणि मुक्काम यांचा हिशेब मांडला, तर लपवण्याचा खर्च कित्येकदा उपचारापेक्षा अधिक भरतो.

वास्तविक स्वस्त दार बहुधा आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग चालतो. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले. केसपेपरचेही पैसे माफ झाले. मुंबईचे केईएम, नायर, शीव किंवा पुण्याचे ससून यांसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नाममात्र शुल्क असते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचे नाव काढताच लोक दचकतात. पण तेथेही बाह्यरुग्ण तपासणी होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी परततो.

येथील अडचण गर्दीची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. डॉक्टरांना एका रुग्णामागे काही मिनिटेच मिळतात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्यावर घरच्यांनी उठून येऊ नये. बोलण्याच्या उपचारासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेगळी वेळ मागावी. मोठ्या संस्थांत प्रशिक्षणार्थी ही सत्रे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली घेतात. ‘शिकाऊ’ म्हणून त्यांना नाकारणे शहाणपणाचे नाही. त्यांच्या कामाची तपासणी सतत होत असते. खाजगीत जाताना मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ती आवश्यक असते. चार दिवसांचे शिबिर करून पाटी लावणारे पुष्कळ आहेत.

ज्यांना दवाखान्याची पायरी चढणेच अवघड वाटते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. रात्री दोन वाजता जीव नकोसा झालेल्या माणसाला सकाळच्या ओपीडीचा उपयोग नसतो. असा क्रमांक प्रत्येक घराच्या दूरध्वनी-वहीत असावा.

रुग्णाला दाखल करावे लागले, तर विश्वस्तांना ठाऊक असलेले एक कलम कामी येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार व ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा दाखला व शिधापत्रिका आधीच काढून ठेवली, तर ऐनवेळी धावपळ होत नाही. रुग्णालयात मनोविकार विभाग असेल, तर या खाटा त्या विभागाच्या रुग्णालाही मागता येतात. फारच थोडे लोक त्या मागतात.

औषधांचा खर्चही कमी होऊ शकतो. नैराश्यावरील एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुऑक्सेटीन यांसारखी औषधे जनऔषधी केंद्रांत बाजारातील नामांकित ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना मूळ औषधाचे नाव लिहून देण्याची विनंती करावी.

आपल्या घरांपुरती एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगावयास हवी. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करणाऱ्या घरात रात्रीची गोळी पहिल्यांदा सुटते. पर्युषणात तर ती आठ-दहा दिवस सुटते. औषध असे एकाएकी थांबले की आजार उलटण्याची भीती असते, आणि उलटलेला आजार म्हणजे दाखल होण्याचा खर्च. लिथियम घेणाऱ्यांनी निर्जल उपवास करणे तर थेट धोक्याचे. शरीरातील पाणी घटले की त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. अनेक गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून सूर्यास्तापूर्वी आणता येते. तपाची बाब त्यांना आधी सांगितली, तर मार्ग निघतो. रुग्णाने लाजून सांगितले नाही, तरी घरच्यांनी सांगावे.

संस्थेने यापुढे काय करावे, हा विचार विश्वस्त मंडळाचा आहे. जिल्हा रुग्णालयापर्यंतचे भाडे आणि महिन्याची औषधे एवढ्यापुरताही छोटा निधी वेगळा काढता येईल. मात्र त्याची पावती-नोंद क्रमांकाने व्हावी, नावाने नव्हे. आणि साहाय्य घेणाऱ्याचे छायाचित्र अहवालात छापले जाऊ नये. आठवड्यातून एक दुपार, धर्मशाळेच्या मागील दाराची एक खोली नोंदणीकृत समुपदेशकास विनाभाडे दिली, तर लोकांना दुसऱ्या शहराचे तिकीट काढावे लागणार नाही.