खो द्यायचा कोणाला?



मी पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. शेवटी हेडमास्तर झालो. पोरांना गणित शिकवले, भूगोल शिकवला. पण आज मी खो-खोचे बोलणार आहे. हसू नका. खेळ पोरांचा खरा, पण मोठ्या माणसांनी त्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे.

या खेळाला सामान लागत नाही. सपाट जागा, दोन खांब आणि चुन्याच्या रेघा. झालं. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात याचे नियम ठरवायला सुरुवात झाली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला याचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पोरींनी जिंकला आणि पोरांनीही जिंकला. पोरींची कर्णधार प्रियांका इंगळे, पोरांचा कर्णधार प्रतीक वाईकर. दोघेही आपल्या महाराष्ट्राचे.

आता खेळ कसा चालतो ते आठवा. नेहमीच्या नियमाने आठ गडी मधल्या रेघेवर बसतात. एकाचे तोंड इकडे, शेजारच्याचे तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. पळणारा मधली रेघ हवी तेव्हा ओलांडतो. पाठलाग करणाऱ्याला ती मना आहे. एका दिशेने निघाला की त्याला मधेच मागे फिरताही येत नाही. मग पळणारा सापडणार कसा? एकट्याला तो सापडतच नाही! पळणारा रेघेपलीकडे गेला, की हा बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावतो. मोठ्याने 'खो' म्हणतो. तो गडी उठून धावतो आणि हा त्याच्या जागी बसतो.

बसलेल्याची पाठ आपल्या गड्याकडे असते. पण त्याचे कान उघडे असतात. खो मिळण्याआधी उठायचे नाही, आणि मिळाल्यावर क्षणभरही बसायचे नाही.

शेवटी गडी बाद होतो. ज्याचा हात लागला त्याच्या नावाने टाळ्या पडतात. त्याच्याआधी चार जणांनी खो दिलेला असतो. त्यांचे नाव कोणी घेत नाही.

एका घरची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही. दोघे भाऊ माझ्याच शाळेतले. बाप अकाली गेला. थोरल्याने सातवीतून शाळा सोडली आणि नांगर धरला. धाकट्याच्या फीसाठी त्याने सोसायटीचे कर्ज काढले. धाकटा शिकला. तालुक्याला कारकून झाला. पुढे वाटणीची वेळ आली. चार जाणत्यांत मलाही बोलावले होते.

धाकटा म्हणाला, "जमीन निम्मी निम्मी करा."

ते बरोबरच होते. कायदाही तसाच आहे. मी विचारले, "आणि कर्ज?"

तो म्हणाला, "दादाच्या नावावर आहे. दादा फेडेल."

थोरला खाली मान घालून बसला होता. बोलला काहीच नाही. हा धाकटा शाळेत खो-खोचा चांगला गडी होता. मी त्याला म्हटले, "अरे, तू जिल्ह्याच्या सामन्यात तीन गडी मारलेस. तुला खो कोणी दिला होता, आठवतं का?"

त्या दिवशी तो काही बोलला नाही. दोन महिन्यांनी सोसायटीत जाऊन त्याने निम्मे कर्ज भरले. लोक म्हणाले, सगळेच भरायला हवे होते. मलाही तसेच वाटते. पण त्या दिवाळीला दोन्ही घरची पोरे एका ताटात जेवली, हे मी पाहिले आहे.

आपल्याकडे घरातल्या माणसाला 'आभार' म्हणत नाहीत. कानाला परके वाटते. भाऊ भावाला आभार म्हणाला तर तो म्हणेल, "याला झालंय काय?" म्हणून उपकाराची फेड हातांनी करावी लागते. त्याच्या हातातले काम आपण घ्यायचे, तो घटकाभर बसेल असे करायचे.

आता घरातल्या बाईचे बघा. पहाटे उठली की पाणी, चूल, गोठा, भाकरी, मग शेत. परत आली की पुन्हा चूल. ती सारखी धावते आहे. तिने खो द्यायचा कोणाला? बाकीचे सगळे पाठ करून बसलेले! आणि कानही बंद. नवरा म्हणतो, मी दिवसभर राबलो. बरे, राबलास. तीही तुझ्याच बांधावर राबली ना?

असेच एका गावी बोललो. तेव्हा एक आजी उठल्या. म्हणाल्या, "मास्तर, आता माझ्याच्यानं हंडा उचलत नाही. नातू चांगला धडधाकट आहे. पाणी आणायला त्याला सांगितलं तर चालंल का? पोरगा आहे, लोक हसतील."

मी म्हटले, "सांगा की आजी. आणि चारचौघांत, मोठ्यानं सांगा. हळू आवाजात दिलेला खो पंच धरत नाहीत."