चाळिशीतला विद्यार्थी



चांदवडच्या बाजार समितीत कांदा विकून, हिशेबपट्टी हातात घेऊन एक गृहस्थ एकदा माझ्या घरी आले. वय अडतीस. गावच्या विकास सोसायटीत बारा वर्षे कारकुनी केलेली. बारावीनंतर शिक्षण सुटले ते सुटलेच. पावसापाण्याचे बोलणे झाले आणि उठता उठता त्यांनी विषय काढला, "सर, बी.कॉम. व्हावं म्हणतो. पण पोरगी दहावीला आहे. लोक हसतील का हो?"

मी त्यांच्या हातातली पट्टी घेतली. वजन, भाव, कपात, हाती आलेली रक्कम. म्हटले, "हे तुम्ही नेहमी वाचता. आता सांगा, ट्रॅक्टरचा खर्च किती धरलात?"

"डिझेल धरलंय."

"आणि ट्रॅक्टर झिजतो, त्याचं काय?"

ते गप्प झाले. सहा लाखांचा ट्रॅक्टर दहा वर्षे चालला आणि शेवटी त्याचे काही मोल उरले नाही असे धरले, तर दरसाल 60 हजार रुपये झिजतात. खिशातून कोणी काढून नेत नाही, म्हणून ते दिसत नाहीत. याला घसारा म्हणतात. तो न धरता नफा झाला म्हणणारा शेतकरी स्वतःलाच फसवतो. मंडळी, अनुभवी माणसाला हिशेब अर्धा ठाऊकच असतो. उरलेला अर्धा शिकावा लागतो.

आता लोक हसण्याविषयी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. लंडनमधले शिक्षण पैशांअभावी अर्धे राहिलेले. 1920 साली, एकोणतिसाव्या वर्षी, घरी बायकोमुले असताना त्यांनी ती नोकरी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते पुन्हा विद्यार्थी झाले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून 1923 साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली आणि पुढे 1925 साली नेमलेल्या शाही चलन आयोगापुढे साक्षही दिली. एवढ्या मोठ्या माणसाशी आपली बरोबरी नाही. पण सुटलेला धागा पुन्हा धरण्यात कमीपणा नाही, एवढे तरी त्यांच्यापासून घ्यावे.

आपल्याला लंडनला जायचे कारण नाही. नाशिकला 1989 साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. नोकरी, शेती सांभाळून तेथे मराठीतून बी.कॉम. करता येते. पदवीनंतर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा आहे; ती उत्तीर्ण होऊन पुरेसा अनुभव घेतला, की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम मिळू शकते. चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षेलाही वयाची वरची अट नाही.

मात्र खोटी आशा मी दाखवणार नाही. बँकांच्या कारकुनी भरतीला वयाची मर्यादा असते. चाळिशीत ते दार बहुधा बंद झालेले असते. पदवी हाती आली म्हणजे खुर्ची मिळाली, असेही नाही. पण पतसंस्था, दूध संस्था, शेतकऱ्यांच्या कंपन्या यांना चोख वही ठेवणारा माणूस हवाच असतो. आणि वही चोख नसली, तर बुडतात त्या गरिबाच्या ठेवी.

आमच्या गृहस्थांनी नाव घातले. पहिल्या वर्षी एक विषय राहिला. काही लोक हसलेही. पुढच्या खेपेला विषय सुटला. आता रात्री जेवणे झाली, की बाप-लेक एकाच दिव्याखाली बसतात. गेल्या वेळी ते मला म्हणाले, "सर, पूर्वी मी साहेब सांगतील तिथं सही करायचो. आता ताळेबंद वाचून करतो."

शिक्षकबंधूंना एक विनंती. तुमच्या गावात असा अर्धवट राहिलेला एखादा विद्यार्थी असेलच. त्याला उपदेश करू नका. प्रवेशाचा अर्ज भरायला नुसते शेजारी बसा.