पेशीत राजा कोण?



व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना इतिहास, राजकारण, संतवाङ्मय या विषयांची गोडी अधिक, हे ठाऊक असूनही मी आज डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वस्तूवर बोलावयास उभा आहे. वस्तू लहान असली, तरी विषय लहान नाही. परसातले आंब्याचे झाड, त्याच्या सावलीत बसलेले मांजर आणि त्या मांजराला दूध घालणारी आजी ही तिन्ही पेशींचीच घडलेली आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. एवढा मोठा समुदाय आपण रोज बरोबर घेऊन हिंडतो, तेव्हा त्याची थोडी विचारपूस करणे हा साधा शिष्टाचार आहे!

पेशीच्या भागांची यादी शाळेच्या पुस्तकात असते आणि आपल्या मुलांनी ती पाठही केलेली असते. ती पुन्हा म्हणून दाखविण्याऐवजी मी आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. पेशीत अहोरात्र जो कारभार चालतो, त्यात हुकूम कोणाचा चालतो? लहानपणी आपण राक्षसाची गोष्ट ऐकतो. त्याचे प्राण दूर कोठेतरी पिंजऱ्यातल्या पोपटात असतात. पोपट सापडला की राक्षस हाती आला. शास्त्रज्ञांनीही पेशीत असा पोपट पुष्कळ काळ शोधला. त्या शोधाची हकीकत हाच आजचा विषय.

आरंभ झाला तो एका रिकाम्या पिंजऱ्यापासून. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या लाकडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्याला मधाच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे दिसली. त्याने त्यांना ‘कोठडी’ या अर्थाचे नाव दिले आणि इंग्रजीत तेच रूढ झाले. मौज अशी, की बूच ही झाडाची मेलेली साल. हूकने पाहिल्या त्या नुसत्या भिंती; राहणारी मंडळी केव्हाच निघून गेली होती. पुढे १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांविषयी सांगितले, की दोघांचीही शरीरे पेशींचीच बनलेली आहेत. झाड आणि माणूस यांचे नाते असे कागदावर आले.

हे नाते आणि त्यातला फरक पाहावयास मोठी प्रयोगशाळा नको. कांद्याच्या पाकळीचा पातळ पापुद्रा आणि गालाच्या आतल्या बाजूने हलकेच खरवडून घेतलेला अंश, एवढे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले म्हणजे पुरे. कांद्याच्या पेशी विटांसारख्या नीट रचलेल्या, रेषा ठळक. गालाच्या पेशी वेड्यावाकड्या, फरशीवर पडलेल्या पापडासारख्या. कांद्याच्या पेशीला बाहेरून भिंत आहे, गालाच्या पेशीला ती नाही. दोघींना आतून एक नाजूक पडदा मात्र आहे. त्याला पेशीपटल म्हणतात.

आधी या पडद्याविषयी सांगतो, कारण घर म्हणावयाचे तर आत आणि बाहेर हा भेद हवा. पडदा स्निग्ध पदार्थाच्या रेणूंच्या दोन थरांचा आहे. त्याची जाडी साध्या कागदाच्या जाडीच्या दहाहजाराव्या हिश्श्याइतकी. त्यात जागोजाग प्रथिनांची दारे बसविलेली असतात; कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला नाही, हे तेथे ठरते. बीट चिरून गार पाण्यात टाका. सुरीने फाटलेल्या पेशींचा रंग पाण्यात उतरतो. पाणी बदलले, की मग फारसा उतरत नाही. तेच तुकडे उकळा, पाणी लालभडक होते. उष्णतेने पडदे फाटले आणि आतला रंग बाहेर पडला. रंगाचा एक कणही नाहीसा झालेला नाही, सारे द्रव्य जागच्या जागी मोजून देता येईल. पण आतबाहेर हा भेद मिटला आणि पेशी मेली.

वनस्पतीने या पडद्याभोवती भिंत उभारली. ती काष्ठतंतूची, म्हणजे सेल्युलोजची. आपल्या अंगावरचा सुती सदरा म्हणजे कापसाच्या मेलेल्या पेशींच्या भिंतीच होत. भिंतीच्या आत, मोठ्या झालेल्या पेशीत, बहुतेक जागा एका पाण्याच्या टाकीने व्यापलेली असते. तिला रिक्तिका म्हणतात. नाव रिकामपणाचे असले, तरी ती रिकामी नसते. तिच्यात पाणी, क्षार, आंबटपणा, बिटाचा आणि जास्वंदीचा रंग असे सगळे भरलेले असते. टाकी भरली की ती भिंतीवर दाब देते आणि पान ताठ उभे राहते. कोथिंबिरीची मलूल जुडी पाण्यात ठेवली की टवटवीत होते, ती या टाक्या भरल्यामुळे. काकडीला मीठ लावले की पाणी सुटते, ते टाक्या रित्या झाल्यामुळे. लाजाळूचे पान मिटते, तेही देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींनी पाणी सोडल्यामुळे. आपल्या स्वयंपाकघरात हे शास्त्र रोज चालू असते. आपण फक्त त्याला कोशिंबीर म्हणतो.

वनस्पतीचे दुसरे वैभव म्हणजे लवके. हिरव्या लवकात सूर्याच्या प्रकाशावर हवा आणि पाणी यांपासून साखर तयार होते. ही लवके आपला धंदाही बदलतात. बटाट्यात ती पिठाची कोठारे असतात. तोच बटाटा उजेडात पडून राहिला की ती हिरवी होतात. कैरी पिकताना सालीतली हिरवी लवके पिवळी होतात आणि आपण आंबा पिकला म्हणतो.

येथे झाड आणि प्राणी यांचा सौदा लक्षात घ्यावा. झाडाने भिंत घेतली आणि चालणे सोडले. पण अन्न घरीच तयार होत असल्याने त्याचे काही अडले नाही. प्राण्याच्या पेशीने भिंत नाकारली. त्यामुळे स्नायू आखडू शकतो आणि रक्तातली पांढरी पेशी अंग वळवून जंतूला गिळू शकते. मात्र या स्वातंत्र्याची किंमत म्हणून आपल्याला जन्मभर झाडाच्या दारी जेवावे लागते.

आता पोपटाकडे वळू. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आमराच्या पेशींत एक गोल ठिपका पाहून त्याला नाव दिले. आपण त्याला केंद्रक म्हणतो. नावावरूनच वाटते, की राजा सापडला. त्याची मातब्बरी खरोखरच मोठी आहे. माणसाच्या एका केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो आणि केंद्रकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. कोणते प्रथिन कसे घडवावयाचे, याचे दप्तर त्या धाग्यावर लिहिलेले असते.

पण दप्तर सांभाळणारा तो राजा काय? जर्मनीत हेमरलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात एका समुद्रशैवालावर प्रयोग केले. हे शैवाल काही सेंटिमीटर उंच, छत्रीच्या आकाराचे, आणि तरीही एकाच पेशीचे. केंद्रक अगदी तळाशी, मुळासारख्या भागात. त्याने दांड्याचा मधला तुकडा कापून निराळा केला. केंद्रक नसलेल्या त्या तुकड्याने नवी छत्री उगवून दाखविली! राजाविना राज्य चालले. परंतु ती छत्री पुन्हा कापली, तर दुसरी उगवली नाही. मग त्याने एका जातीचा दांडा दुसऱ्या जातीच्या केंद्रकावर बसविला. पहिली छत्री दोन्हींच्या मधल्या रूपाची आली. ती कापल्यावर पुढची मात्र केंद्रकाच्या जातीप्रमाणे. अर्थ स्पष्ट आहे. केंद्रकाने पूर्वी पाठविलेल्या निरोपांच्या शिदोरीवर पेशी काही काळ चालते. शिदोरी संपली की थांबते. उलट, नुसते केंद्रक बाहेर काढून ठेवले तर तेही जगत नाही. दप्तराला वाचणारे लागतात.

आपल्या रक्तातली तांबडी पेशी याचे जिवंत उदाहरण आहे. प्राणवायू वाहून नेण्यास जागा हवी म्हणून ती पक्व होताना आपले केंद्रक बाहेर टाकून देते. पुढे सुमारे १२० दिवस ती राबते; पण मोडतोड दुरुस्त करू शकत नाही. दप्तरात मुळातच चूक असेल, तर ती चूक घेऊनच तिला जावे लागते. विदर्भातल्या आणि सातपुड्याच्या परिसरातल्या अनेक कुटुंबांना ग्रासणारा सिकलसेल हा आजार अशाच चुकीचा आहे. दप्तरातले एक अक्षर बदलले, त्यामुळे हिमोग्लोबिन या प्रथिनाची एक कडी बदलली आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकू लागली. आईबाप दोघांकडूनही हे बदललेले अक्षर आले, की मूल जन्मभर वेदना सोसते.

मग राजा तो नव्हे, अन्नदाता असे म्हणावे काय? पेशीची चूल म्हणजे तंतुकणिका. अन्नातली शक्ती काढून ती एटीपी नावाच्या द्रव्यात साठविते. हे पेशीचे चलनी नाणे. १९२९ साली जर्मनीत लोहमान याने आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पुष्कळांचा समज असा, की हिरवी लवके झाडाची आणि तंतुकणिका प्राण्यांच्या. तो बरोबर नाही. चूल दोन्ही घरी आहे. झाडालाही आपली साखर जाळूनच शक्ती मिळवावी लागते.

या चुलीची वंशावळ चमत्कारिक आहे. १९६७ साली लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने एक लेख प्रसिद्ध केला. त्याआधी अनेक नियतकालिकांनी तो परत पाठविला होता. तिचे म्हणणे असे, की तंतुकणिका आणि हिरवी लवके एके काळी स्वतंत्र जीवाणू होते. दुसऱ्या पेशीने त्यांना आत घेतले. त्यांना तिने पचविले नाही आणि त्यांनी तिला मारले नाही. पुढे पुरावे जमत गेले. या दोघांजवळ स्वतःचा निराळा डीएनए आहे, ते दुभागून वाढतात, त्यांची प्रथिने घडविण्याची यंत्रे जीवाणूंच्या यंत्रांशी जुळतात. आले पाहुणे म्हणून आणि राहिले घरचे होऊन! दीडशे कोटी वर्षांहून अधिक काळ हा सहवास चालू आहे. पाहुण्याने आपले बहुतेक दप्तर केंद्रकाच्या स्वाधीन केले. माणसाच्या तंतुकणिकेत आता ३७ जनुके उरली आहेत. आता एकाला वगळून दुसऱ्याला जगता येत नाही. आणि ही ठेव आपल्याकडे येते ती आईकडूनच.

बाकीच्या कारागिरांची ओळख थोडक्यात करून देतो. केंद्रकाचे निरोप वाचून प्रथिने घडवितात ते रायबोसोम. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे त्या मालाची वाट आणि कारखाना. पुढे गॉल्गी पिंड माल बांधतो आणि पत्ता घालून रवाना करतो. मधुमेहामुळे परिचित झालेले इन्सुलिन याच वाटेने पेशीबाहेर पडते. गॉल्गी या इटालियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये घुबडाच्या मज्जापेशींत हा पिंड दाखविला. परंतु हा रंगाचा डाग आहे, खरी वस्तू नव्हे, असे अनेकजण सुमारे ५० वर्षे म्हणत राहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा वाद मिटला.

शेवटी मी अशा एका कारागिराकडे येतो, ज्याला कोणी राजा म्हणणार नाही. बेल्जियममध्ये द डूव्ह हा शास्त्रज्ञ इन्सुलिनच्या मागावर होता. १९४९ साली यकृताच्या पेशी वाटून तो त्यांतले एक विकर मोजत होता, तर ते अपेक्षेपेक्षा फारच कमी भरले. उरलेला नमुना काही दिवस शीतकपाटात राहिला आणि पुन्हा मोजला, तेव्हा विकर वाढलेले! त्याने तर्क केला, की हे विकर कोठल्यातरी पिशव्यांत बंद होते आणि दिवस जातील तशा त्या पिशव्या गळू लागल्या. १९५५ मध्ये त्यांना नाव मिळाले. मराठीत आपण त्यांना लयकारिका म्हणतो. त्यांचे काम झाडलोटीचे. जीर्ण झालेले भाग, गिळलेले जंतू, नको असलेले द्रव्य यांचा त्या निकाल लावतात आणि कामाचे ते परत देतात. वनस्पतीत हे काम बरेचसे रिक्तिका करते.

हे काम थांबले तर काय होते? पाँपे नावाच्या डच वैद्याने १९३२ साली एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूची हकीकत लिहिली. त्याचे हृदय विलक्षण वाढले होते. कारण कळावयास १९६३ साल उजाडले. द डूव्हचा सहकारी हर्स याने दाखविले, की अशा मुलांच्या लयकारिकांत एकच विकर नसते. केंद्रक ठीक, चूल ठीक, भोवतालचे इतर सारे कामगार हजर. पण ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर लयकारिकांत साचत जाते, त्या फुगतात आणि हृदयाचा स्नायू थकतो. या रोगाच्या तीव्र प्रकारात मुले बहुधा पहिला वाढदिवसही पाहत नसत. २००६ साली ते विकर बाहेरून शिरेवाटे देण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली आणि अनेक मुले वाचली. उपचार महाग आहे, जन्मभर घ्यावा लागतो. केर काढणारा एक कामगार गैरहजर राहिला, तर त्याची जागा भरावयास एवढा खटाटोप करावा लागतो.

शास्त्रातून नीतीचे धडे काढताना जपून राहावे, असे मी मानतो. पेशी कोणाला उपदेश करावयास बसलेली नाही. तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर तिने दिलेच आहे. पिंजरे उघडून पाहिले. पोपट कोठेच नाही. केंद्रक निराळे काढले तर मरते, तंतुकणिका निराळी काढली तर फार वेळ टिकत नाही, पडदा एकटा म्हणजे नुसते स्निग्ध द्रव्य. प्रत्येक भाग एकटा असता निर्जीव आणि सर्वांच्या संगतीत सजीव. जीव राहतो तो त्यांच्या देवघेवीत. तेथे वरचे काम आणि खालचे काम अशी प्रतवारी लावावयास गेलो, तर पाँपेच्या त्या मुलाचे हृदय आपल्याला उत्तर देते.

उद्या कोशिंबीर करताना काकडीला सुटलेले पाणी पाहाल, तेव्हा त्या लक्षावधी टाक्यांची क्षणभर आठवण ठेवावी, एवढीच विनंती.