पाहुण्याचे भान

‘मुस्लिम देश’ नावाचा एकच एक देश नकाशावर नाही. तुर्कस्तानात मद्य दुकानांतून विकले जाते. कुवेतमध्ये ते नेणेही गुन्हा आहे. कुवेतच्या १९६८ च्या कायद्यानुसार रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाल्ल्यास महिनाभर कैद होऊ शकते, मग खाणारा कोणत्याही धर्माचा असो. संयुक्त अरब अमिरातीत अनारशावरची खसखस निषिद्ध आहे. कोडीनयुक्त औषधास पूर्वपरवानगी लागते.

अज्ञान हा बचाव ठरत नाही. सधन पर्यटक निदान वकील गाठू शकतो. मजुरीसाठी गेलेल्याच्या पिशवीत आईने मायेने घातलेली खसखशीची पुडी मात्र त्याचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकते. म्हणून ही माहिती प्रथम त्याच्या घरी पोहोचली पाहिजे.

इराणमध्ये कायद्याने परदेशी स्त्रीनेही डोके झाकणे बंधनकारक आहे. परंतु कायदा पाळणे म्हणजे सक्तीचे समर्थन नव्हे. २०२२ मध्ये नीतिपोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणी स्त्रियांनीच भर रस्त्यात रुमाल जाळले. पाहुण्याने यजमानाचा कायदा पाळावा. तो बदलण्याचा अधिकार तेथील जनतेचा आहे, आणि आपली सहानुभूती त्या जनतेच्या बाजूला असावी.